रोंकाल्ताची घंटा

दरीतून धुकं इतक्या भराभर वर चढलं की एर्सिलियाला समोरच्या चर्चच्या पायऱ्याही दिसेनात. तिची सात वर्षांची निवेस आजोबांबरोबर शेळ्या घेऊन वरच्या कुरणात गेली होती.

पूर्वी धुकं पडलं की त्यांच्या कोल्सोरा गावात चर्चची घंटा वाजवायचे. तिच्या आवाजाच्या रोखाने माणसं घरी यायची. लढाईत तोफा ओतायला सैन्याने ती उतरवून नेली. नवी ओतायची, तर तिच्यावर कुठल्या घराण्याचं नाव कोरायचं यावर अजून भांडणं चालली होती. गावच तसं हट्टी. चेस्टनटच्या रानावरून शेजारच्या रोंकाल्ताशी बिनसलं, तर शंभर वर्षं तिथली सून केली नाही.

एर्सिलियाने मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवायचं तांब्याचं पातेलं उचललं आणि चौकात जाऊन पळीने बडवायला सुरुवात केली. एकेक करून बायका आपापली भांडी घेऊन आल्या. हात भरून आले, पण वरून ना हाक, ना शेळ्यांची घुंगरं.

तेवढ्यात पलीकडून घंटेचे टोल ऐकू आले.

"रोंकाल्तावाले!" शेजारची पाल्मीरामावशी म्हणाली. "यंदाच नवी बसवलीय ना! आपली भांडी ऐकून वाजवतायत. दया आली बघ मेल्यांना."

"दया कसली मावशी! कुरणातून तिकडे जाताना मधे कडा आहे!" एर्सिलियाचा आवाज चिरकला. "त्या आवाजाच्या मागे गेले तर सरळ खाली!"

"कोण, बोर्तोलो? अगं, तुझा सासरा मेला तरी रोंकाल्ताकडे तोंड करायचा नाही."

कोणी हसलं नाही. एर्सिलिया जीव खाऊन पातेलं बडवत राहिली. प्रत्येक टोलाबरोबर निवेस कड्याकडे आणखी एक पाऊल टाकतेय, असंच तिला वाटत होतं.

अंधारायच्या आत धुक्यातून आधी एक शेळी आली, मग म्हातारा आणि त्याच्या कोटाला धरून निवेस.

"ओढ्याच्या आवाजात तुमचं काही कानावर आलं नाही," बोर्तोलो दम खात म्हणाला. "त्या मेल्यांची घंटा तेवढी ऐकू आली. तिच्याकडे पाठ केली आणि चालत सुटलो."

बायका हसल्या, कोणी डोळे पुसले. एर्सिलियाने लेकीला पोटाशी धरलं.

"आई, मी घंटेकडेच पळत होते," निवेस कुजबुजली. "आजोबांनी वेणी धरून मागे ओढलं. अजून दुखतंय."

 एर्सिलिया फरसबंदीवर मटकन बसली. पाल्मीरामावशी "ऊठ गं, ऊठ" म्हणत राहिली, तरी तिला काही उठता येईना.