रायभानला पुढं धाडलं

न्हावऱ्याला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला तेव्हा संघर्षनं नवनाथला फोन केला. "थांबा जरा. रायभानला काय करू नका."

"ये सावकाश," नवनाथ म्हणाला.

रायभान हा संघर्षचा सरदार, कॉलेजच्या होस्टेलवर जन्मलेला. खेळ असा, की नवनाथनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि जगलं-मेलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, खेळ सुटला. यंदा दिवाळीनंतर तो यवतला, नवनाथच्या खताच्या दुकानाच्या माडीवर पुन्हा सुरू झाला, महिन्यातून एक रविवार. नियमांचं नवं पुस्तक मिळत होतं. त्यात माणूस सहसा मरत नाही. जुनंच घ्या, रायभान त्यातलाच, हा हट्ट संघर्षचा. कारेगावच्या कारखान्यात त्याला कुणीही झापायचं. रायभानसमोर किल्ल्यांचे दरवाजे उघडायचे.

होस्टेलवरचा एक नियमही तसाच ठेवला होता. जो आला नाही, त्याचा गडी सगळ्यांच्या पुढं चालायचा. सापळा असला तर आधी त्याच्यावर.

संघर्षनं दुकानासमोर गाडी लावून हॉर्न वाजवला. वर खिडकीत खेळातली मोनाली दिसली. तिनं खाली पाहिलं आणि आत वळली. तो जिना चढत असतानाच टेबलावर फासा घरंगळल्याचा आवाज आला.

"गेला तुझा सरदार," तो दारात दिसताच नवनाथ म्हणाला. "भुयारात पुढं धाडला होता. खड्ड्यात भाले निघाले."

"माझी गाडी ऐकली न्हाई?"

"ऐकली की," मोनाली म्हणाली. "म्हणून तर घाई केली. तू आल्यावर कुठला मरतोय तो?"

"लई माजला होता, भावा," तिच्या शेजारचा स्वराज म्हणाला. "होस्टेलपासनं आम्ही नुसतं त्याच्या मागं मागं."

"फासा परत टाकू. मी टाकतो."

नवनाथनं जुनं पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. "दाखव, कुठं लिहिलंय. तूच आणायला लावलंस न्हवं?"

पुस्तक संघर्षला पाठ होतं. त्यात तसं काही नाही, हे उघडायच्या आधीच ठाऊक होतं. तरी चहा येईपर्यंत तो पानं उलटत राहिला आणि ते तिघं त्याच्याकडं बघत राहिले.

"नवा गडी घे," नवनाथ समजुतीनं म्हणाला. "सरदार आता स्वराज होतोय. आम्हाला मशालवाला पायजे. ओझी उचलंल, पुढं चालंल."

"मी हजर असलो तरी पुढंच?"

"मग? उजेड मागनं कसा पडंल?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते रास्तच वाटलं. संघर्षनं हेल्मेट मांडीवर धरलं होतं. उठावं, जिना उतरावं, असं मनात आलं. मग उद्याचा सोमवार आला मनात. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं.

"भुयाराच्या टोकाला दार हाय," नवनाथ सांगू लागला. "मागनं कायतरी घासत आल्याचा आवाज येतोय. मशालवाला?"

"उघडतो," संघर्ष म्हणाला.