गोरा वाल्मोर

आपल्याकडे मूल जन्माला आलं, की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, एवढं विचारून होतं न होतं तोच पुढचा प्रश्न येतो, “रंग कसा आहे?” जणू काही बाळ झालेलं नाही, दुकानातून साडी आणली आहे! पेणच्या हरेशला मुलगी झाली, तेव्हा हा प्रश्न दवाखान्याच्या जिन्यातच आला होता. “आत्यावर गेलीय,” कुणीतरी म्हणालं आणि ऐकणारे गप्प झाले. आत्या म्हणजे हरेशची मोठी बहीण शांती. शांती काळी होती.

ती मुलगी, किमया, आता नववीत शिकते आणि शाळेच्या फुटबॉल संघात स्ट्रायकर म्हणून खेळते. गोल करणं हे तिचं काम आणि ते ती चोख करते. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड जानेवारीत रोह्याला व्हायची होती आणि पेणमधून तिचं नाव सगळे धरूनच चालले होते. घरात मात्र या गोष्टीचा आनंद कमी आणि कटकट जास्त.

“जा, अजून काळी होऊन ये!” तिची आई अनिता रोज सकाळी दारातच सुरू व्हायची. “उद्या कोण बघायला आलं म्हणजे त्यांना फुटबॉल दाखवणार हाय का?”

अनिता दुष्ट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा नणंदेला बघायला पाहुणे येत, पोहे खात आणि रंगावरून नकार कळवत. शेवटी शांतीचं लग्न राहिलं ते राहिलंच. ती धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि रोह्यात खोली घेऊन राहू लागली. आपल्या मुलीचं तसं होऊ नये, ही अनिताची भीती. आणि भीतीपोटी माणूस काय काय करून बसतो! दिवाळीत शेजारच्या पूजाने तिला एक मलम सांगितलं. महिन्याभरात चेहरा उजळतो म्हणे. डॉक्टरला विचारायचं अनिताच्या मनातही आलं नाही आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. रोज झोपण्याआधी ती स्वतःच्या हाताने लेकीच्या तोंडाला ते मलम चोळू लागली.

किमया आधी चिडली. पण चेहरा खरोखरच उजळला, वर्गातल्या मुली “काय लावतेस गो?” असं विचारू लागल्या, तेव्हा तिचं चिडणं बंद झालं. पुढे पुढे तर ती आपणहून मलम मागू लागली. मला या सगळ्या गोष्टीत हेच सर्वांत वाईट वाटतं.

हरेशचा गणपतीचा कारखाना. रोह्याच्या एका मंडळाने त्याला माघी गणपतीची मूर्ती सांगितली आणि सोबत देखावाही. मंडळाचा अध्यक्ष सुजय फुटबॉलचा वेडा. त्याला देखाव्यात वाल्मोर हवा होता. ब्राझीलच्या या स्ट्रायकरची सगळी कारकीर्द पुतळ्यांमधून दाखवायची होती.

“हा वाल्मोर कोण गो?” हरेशने घरी येऊन विचारलं. किमयाला तेवढंच पाहिजे होतं. तिला त्याचा एकेक गोल पाठ होता.

“बाबा, त्याचा बाप मिठागरात कामाला होता.”

“मिठागरात? तिकडे पण मिठागरं हायत?” हरेशचे वडीलही पेणच्या खाडीकडे मिठागरात राबले होते. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला.

मग किमया सांगत गेली. वाल्मोर मिठागराच्या बांधावर अनवाणी खेळायचा. पहिल्या क्लबने त्याला हाडकुळा म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने ठेवून घेतलं. तिथे गोलामागून गोल करत तो युरोपात पोचला. एका सामन्यात त्याच्या पायाशी चेंडू आला, की प्रेक्षक माकडासारखे आवाज काढत होते.

“का?”

“काळा म्हणून!” किमया म्हणाली. “तरी त्याने गोल मारला. आणि मारल्यावर नाचला नाय. त्याच लोकांसमोर जाऊन उभा राहिला, बाही वर केली आणि आपल्या हातावर बोट ठेवलं. नुसता उभा! पंचांनी त्यालाच पिवळं कार्ड दाखवलं.”

“त्यालाच?”

“त्यालाच! क्लबने माफी माग म्हणून सांगितलं. त्याने नाय मागितली. मग त्याला अख्खा मोसम राखीव म्हणून बाकावर बसवला. देशाच्या संघात निवड होणार होती, ती पण गेली. नंतर छोट्या क्लबात जाऊन त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुठे तिशीला देशाकडून खेळायला मिळालं.”

हरेशने ठरवलं, मधला मोठा पुतळा त्या उभ्या वाल्मोरचाच करायचा. त्याने लेकीलाच बाही वर करून, हातावर बोट ठेवून उभं केलं आणि ते बघून पुतळ्याची ठेवण जमवली. पुतळा असा झाला, की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं.

सुजय पाहायला आला. पुतळ्याभोवती फिरला, खूष झाला आणि मग हळूच म्हणाला, “हरेशदादा, काम एक नंबर! फक्त रंग जरा उजळ घ्या. गणपतीच्या बाजूला एवढा काळा बरा नाय दिसणार. बायका-पोरं येतात, फोटो काढतात.”

“व्हय, घेतो की,” हरेश म्हणाला. त्याला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. गिऱ्हाईक सांगेल तो रंग द्यायचा, इतकी वर्षं तो हेच करत आला होता. देवांच्या अंगाला मारायचा गुलाबीसर रंग फवारणीच्या गनमध्ये भरलेला होताच. दुपारपर्यंत वाल्मोर गोरापान झाला.

इकडे किमयाच्या चेहऱ्यावर आधी खाज, मग बारीक पुरळ आणि मग लालभडक चट्टे आले. अनिताने त्यावर तेच मलम आणखी जाड थापलं. निवड आठवड्यावर आली असताना एका सकाळी मैदानावर ऊन लागताच किमयाच्या गालांची आग आग झाली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सराव अर्धा टाकून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती निघाली आणि जवळ पडतो म्हणून सरळ बापाच्या कारखान्यात शिरली.

त्या दिवशी शांतीची सुट्टी होती. भावाला भेटायला ती रोह्याहून आली होती आणि अनिताने आणलेला चहा तिघं तिथेच पीत बसली होती. किमया दारात आली आणि पुतळ्यासमोर थबकली.

“बाबा, ह्याला पण मलम लावलंत?”

हरेश हसायला गेला, पण त्याला हसू येईना.

“मंडळाने सांगितलं, बाय. उजळ घ्या म्हणाले.”

“मग हा बोट कशावर ठेवून उभा हाय?” किमयाचा आवाज चिरकला. “काय दाखवतोय तो लोकांना?”

तिने रागाने स्कार्फ ओढून काढला आणि शांतीच्या हातातला कप तसाच राहिला. “अगो, तोंडाला काय झालं तुझ्या?”

अनिताने चाचरत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “ताई, मी वाईटासाठी केलं का? तुमचं काय झालं ते बघितलंय मी या डोळ्यांनी!”

“काय झालं माझं?” शांती उठून उभी राहिली. “मी कमावते, खाते, सुखानं झोपते. माझं लग्न मोडलं ते बघायला येणाऱ्यांच्या नजरेनं मोडलं, अनिता. आजार त्यांच्या नजरेला झाला होता. आणि औषध तुम्ही पोरीच्या तोंडाला लावलंत!”

“ताई, पण जग...” हरेश पुटपुटला.

“जग म्हणजे कोण रे? तुझ्या लग्नाच्या फोटोत मला मागच्या रांगेत ढकललं, ते जगानं? आपल्याच घरानं! पोरीला पहिल्यांदा काळी कोण म्हणालं, विचार तिला. शाळा नाय म्हणाली. आपण म्हणालो!”

हरेशने मान खाली घातली. अनिता लेकीकडे बघत राहिली आणि मग पदराने तोंड झाकून हमसून हमसून रडू लागली. स्वतःच्या हाताने रोज चोळलं होतं तिने!

दुसऱ्या दिवशी शांतीने तिघांना रोह्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. मलमाचं नाव ऐकताच बाईंनी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने कातडी आधी उजळते, मग पातळ होऊन जळायला लागते. आता ते बंद केल्यावर चेहरा आणखी भडकेल, बरा व्हायला महिने लागतील, काही डाग राहतीलही, असं त्या म्हणाल्या. तोवर ऊन पूर्ण वर्ज्य.

“रविवारी निवड हाय,” किमया म्हणाली. “तेवढंच खेळते. मग नाय जाणार उन्हात.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. किमया रडली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या ती नुसती आपल्या पायांकडे बघत राहिली. बापाला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

पेणला परतल्यावर हरेशने गन धुतली, रंग कालवला आणि वाल्मोरला त्याचा रंग परत दिला. सुजयला कळलं तसा तो तणतणत आला.

“दादा, आपलं ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं. गोरा पाहिजे तर दुसऱ्याकडून घे. पण मला सांग, तुला हा माणूस आवडतो ना?”

“जीव की प्राण!”

“मग त्याला माकड म्हणणारे लोक आणि आपण, यात फरक काय राहिला? त्यांनी ओरडून सांगितलं, आपण रंग मारून सांगितलं.”

सुजयने पुढे होऊन हातावर टेकलेलं ते बोट वाकून पाहिलं. “राहू दे असाच,” शेवटी तो म्हणाला.

रविवारी रोह्याच्या मैदानावर निवड झाली. त्या वेळी किमया पेणला घरात पडदे ओढून बसली होती. तिच्या जागी दुसरी स्ट्रायकर घेतली गेली.

माघी गणपतीला संध्याकाळी सगळे देखावा बघायला गेले. किमयाने स्कार्फ सोडला नव्हता. पुतळ्यापुढे गर्दी होती आणि एक लहान मुलगी आपल्या आईला विचारत होती, “हा हात का दाखवतो?” त्या आईला सांगता येईना. तेव्हा अनिता पुढे झाली आणि खाली वाकून म्हणाली, “लोक त्याच्या रंगाला हसले ना, म्हणून. तो सांगतोय, हा माझा रंग हाय आणि मला त्याची लाज नाय.”

किमयाने आईचा हात धरला. “आई, पुढच्या वर्षी घेतील का गो मला?”

हो म्हणायची अनिताची छाती झाली नाही. “ते मला नाय माहीत,” ती म्हणाली. “पण तू बरी झालीस, की तुझा रोजचा सराव बघायला मी येईन. तू धावशील तोवर उन्हात उभी राहीन.”

वाचकहो, त्या मुलीचा चेहरा मलमाने जाळला, असं डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. पण मलमाच्याही आधी आपले शब्द तिला भाजत होते. “आत्यावर गेलीय” म्हणणारे आपण, “जरा उजळ घ्या” म्हणणारे आपण, चेष्टेत “काळी” म्हणणारेही आपणच! मुलीसमोर तिच्या रंगाबद्दल एक शब्द काढू नका, कौतुकाचा नको आणि दयेचाही नको. ती काय करते ते बघा, कशी खेळते ते बघा. किमयाची या वर्षीची निवड गेली, ती काही परत यायची नाही. पुढच्या मुलीची जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे!