नमुन्यातली विधवा

विधवा-पेन्शनचं सरकारी सॉफ्टवेअर मार्गी लागलं, तर लोकेशला टीम लीडरची खुर्ची मिळणार होती. त्यासाठी यूज केस लिहायची होती, म्हणजे कोण अर्ज करील आणि पुढे काय काय होईल, ते उदाहरण देऊन मांडायचं. उदाहरणाला विधवा हवी. बायको उज्ज्वलाचं नाव घालायला हा शहाणा धजला नाही. डिंडोलीतल्या शेजारीण सुभद्राबाईंचं घातलं. पहिली पायरी: पती दगा मयत. दगाकाका तेव्हा जिन्यात बसून विडी ओढत होते.

उदाहरण साहेबांना आवडलं, पेन्शनच्या कचेरीतल्या फलकावर चढलं. खुर्चीही मिळाली. मग कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात दगाकाका मागावरच कोसळले, ते उठलेच नाहीत.

अर्ज भरायला सुभद्राबाईंना लोकेशनेच नेलं. फलक तो विसरला होता. फलकावरून फिरणारं बाईंचं बोट नवऱ्याच्या नावावर थांबलं.

"लोकेशभाईंचं काम आहे, मासी. दिवाळीपासून लावलंय," कारकून कौतुकाने म्हणाला.

दिवाळीला दगाकाकांनी लोकेशच्या घरी फराळ केला होता.

"भाऊ," सुभद्राबाईंनी हळूच विचारलं, "तुले आधीच कसं मालूम व्हतं?"

तेव्हापासून लोकेशला जिन्यात विडीचा वास येतो. उज्ज्वलाला येत नाही. खुर्ची लोकेशला मिळाली, सॉफ्टवेअर सरकारला. किंमत मोजली सुभद्राबाईंनी, आपल्या कुंकवाने.