शेळीच्या नाकाला अत्तर

२०१६ साली, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, माझा भाचा आश्रुबा तिसऱ्यांदा मुलगी बघायला निघाला. आधीच्या दोन्ही घरांतून एकच निरोप आला होता: पोरगा चांगला आहे, पण अंगाला बोकडाचा वास येतो. साठ शेळ्या राखणाऱ्याच्या अंगाला दुसऱ्या कशाचा येणार? पण या वेळीही नकार आला तर पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही, असं त्यानं मला बजावलं होतं. बत्तीस वर्षांचा पोरगा. माझा जीव टांगणीला लागला.

मी त्याला धारूरच्या अत्तरवाल्या पाशाभाईंकडे नेलं. माझ्या लग्नातलं अत्तर त्यांच्या वडिलांच्या दुकानातलं. तेव्हा मांडवात येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावत. आता लोक फवारा मारतात आणि खोकतात.

पाशाभाईंनी काचेच्या काडीनं आश्रुबाच्या मनगटावर एक थेंब ठेवला.

"चोळू नको बे, मरतं ते. याला अंगाची गरमी लागते. पहिले लिंबाची साल, अर्ध्या तासानं तुळस, अन् दीड तासानं देवदार. देवदार आला की मुलीचा बाप खल्लास!"

"अन् बोकड कधी येतो?" आश्रुबानं विचारलं.

"तो न्हाई येणार आता."

मुलीच्या गावी, धर्मापुरीला उतरल्याबरोबर मी विकत घेतलेल्या बाटलीतून त्याच्या मनगटांना, मानेला आणि वर तळहातांनाही अत्तर लावलं. मुलीचे वडील बंकटराव दारात भेटले, त्यांनी नाक वर केलं आणि आत ओरडले, "सरबत कुणी केलंय गं?"

पोहे आले तेव्हा तुळस सुरू झाली होती. मी मनात मिनिटं मोजत होते. तेवढ्यात घरामागून शेळी ओरडली. आश्रुबाची बशी हातातच थांबली.

"आत्या, अडलीय ती."

"बस खाली. देवदार येऊ दे," मी त्याचा सदरा धरला. सदरा सुटला.

गोठ्यात मुलगी, धनश्री, नव्या साडीचा पदर खोचून आधीच बसली होती. पिल्लाचा पाय आत दुमडला होता. आश्रुबानं हात घालून तो सरळ केला, पिल्लू बाहेर काढलं, तोंड पुसलं आणि आईपुढे ठेवलं. शेळीनं हुंगलं आणि पिल्लाला ढुशी मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी.

"कावून मारायलीय?" बंकटराव घाबरले.

धनश्रीनं पिल्लू हुंगलं, मग आश्रुबाचा हात. "काय लावलंय हाताला?"

"अत्तर."

"शेळी वासावरनं लेकरू वळखते. साठ शेळ्या राखता अन् ठावं न्हाई?"

"ठावं हाय," तो मान खाली घालून म्हणाला. "पण बोकडाचा वास घेऊन तुमच्या दारी कसं यावं?"

तिसरा नकार मला समोर दिसू लागला.

"आत्या, बाटली हाय का?" धनश्रीनं विचारलं. मी पिशवीतून काढून दिली. तिनं थोडं शेळीच्या नाकाला फासलं आणि थोडं पिल्लाच्या पाठीला. "आता हिला सगळ्यांचा एकच वास."

शेळी चारदा शिंकली. आम्ही चौघं गोठ्यातच बसून राहिलो. हळूहळू तुळस विरली आणि नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास पसरला, भाच्याचा, शेळीचा आणि पिल्लाचाही. शेळीनं पिल्लू चाटलं, कास दिली.

"हिनं पसंत केलं," बंकटराव म्हणाले. "तुझं काय?"

"बोकडाचा वास चालंल," धनश्री म्हणाली. "पण जनावराला हात लावायचा त्या दिवशी अत्तर न्हाई."

आता आश्रुबा-धनश्रीकडे शंभरावर शेळ्या आहेत आणि दोन मुली. बंकटराव प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगतात. त्यात स्वतःच पिल्लू काढल्याचं सांगतात. पाशाभाई थकले, दुकान त्यांची लेक रुबीना बघते. ते पिल्लू बोकड निघालं आणि वर्षभरात त्याच्यापुढे देवदाराचं काही चाललं नाही.

बाटलीच्या तळाशी उरलेलं अत्तर मी सणासुदीला लावते. माझं अंग आता थंड असतं. लिंबू लगेच येतं. देवदारासाठी दुपारपर्यंत बसावं लागतं.