आखूड कानाचा घोडा

"हा कान आहे का वाटाण्याची शेंग? सांग की! असला घोडा गाडीला जुंपला तर गाडीवाला हाका मारून मारून मरेल!"

सकाळी सकाळीच सासऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. सून खाली मान घालून ऐकत होती. तिच्या हातातल्या लाकडी घोड्याचा डावा कान उजव्यापेक्षा चांगला नखभर आखूड होता. तिने काही मुद्दाम केलेला नव्हता. ती डाव्या हाताने चाकू धरायची आणि त्या बाजूला चाकू अगदी शेवटी आत वळायचा. गाव तिला डावरीच म्हणायचं. दहातले नऊ घोडे ती देखणे उतरवायची, दहावा मात्र असा निघायचा.

"चुलीत घाल," सासरा म्हणाला.

घराचा नियमच होता तो. बिघडलेलं काम उंबरठ्याबाहेर जायचं नाही, ढलप्यांबरोबर चुलीत जायचं. म्हाताऱ्याच्या बापाने घालून दिलेला नियम म्हातारा इतका कडक पाळायचा, की गेल्या वर्षी स्वतःच्या हातून एका घोड्याचा खूर चिरला, तर तोही त्याने बिनबोभाट जाळला होता.

डावरीने घोडा चुलीत सारला. ओल्या लाकडाचा नुसता धूर झाला. बांधावरून ओंडका आणला की ते मऊ लाकूड ओलं असतानाच घडवावं लागतं, वाळलं की तडकतं. यंदा वारा तर असा कोरडा सुटला होता, की ओंडक्यांवरची ओली गोणपाटं तासाभरात खडखडीत होत होती. पाणी मारून मारून तिचे हात भेगाळले होते.

एकेकाळी या गल्लीत अकरा घरांपुढे छपऱ्या होत्या आणि अकराही छपऱ्यांतून घोडे बाहेर पडत. मग समुद्रापलीकडून खोक्यांत भरलेले घोडे यायला लागले. तसेच घोडे, तसाच रंग, यंत्रावर केलेले. गावाच्या टोकाला, सगळ्यात कसदार शेतात, त्या खोक्यांचं गोदाम उभं राहिलं. एकेक छपरी बंद पडत गेली आणि ज्यांनी घोडे घडवले, ते लोक तिथे परक्या घोड्यांच्या पोटावर नावाच्या कागदी चिकट्या लावायला जाऊ लागले. डावरीचा नवरासुद्धा तिथेच खोकी उतरवायचा. चालू होती ती एवढी एकच छपरी.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "बाबा, आज काय ते एकदाच ठरू दे. शहरातल्या कलादालनाचे लोक शाळेत बसलेत. त्यांनी घोडे घेतले तर तुमची छपरी तुम्हाला लखलाभ. नाही घेतले, तर पुढच्या महिन्यापासून छपरी गोदामाला खोकी ठेवायला द्यायची. हिचं नाव मी चिकट्यांसाठी सांगून आलोय."

"मला विचारलंस?" डावरी म्हणाली.

"विचारून काय झालं असतं?"

त्या गोदामाला एकही खिडकी नव्हती. एकदा ती नवऱ्याचा डबा द्यायला गेली होती, तर शेजारच्या तीन बायका पत्र्याखाली बसून घोडा उलटा करायच्या, चिकटी लावायच्या, सरळ करायच्या. एकीनेही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ती तिकडे फिरकली नव्हती.

म्हाताऱ्याने ठेवणीतला सदरा घातला. सहा घोडे निवडले, सगळे स्वतःच्या हातचे, कालचेच, अजून ओलसर. फडक्यात गुंडाळून त्याने ते डावरीच्या टोपलीत ठेवले आणि दोघं शाळेत गेली.

शाळेच्या वर्गात तीन माणसं बसली होती. त्यातली चष्मेवाली बाई सगळ्यांत जाणती दिसत होती. तिने एक घोडा उचलला, पाठीवरून अंगठा फिरवला. "वा! काय हात आहे आजोबा तुमचा."

म्हातारा फुलला. डावरीलाही बरं वाटलं. मग बाईने कान पाहिले, दुसऱ्या घोड्याचे पाहिले, तिसऱ्याचे पाहिले आणि तिचा चेहरा पडला.

"कान दोन्ही सारखे केलेत तुम्ही."

"मग? घोड्याचे कान सारखेच असतात बाई."

बाईने पिशवीतून यंत्राचा घोडा काढून टेबलावर ठेवला. "हा परदेशी आहे, नक्कल आहे, ते आम्हाला कळतं. पण नक्कल कुणाची? तुमच्याच गावच्या जुन्या घोड्याची. बघा, डावा कान आखूड. असे हजारो घोडे आम्ही तपासलेत, एकालाही सारखे कान नाहीत. ती तुमची खूण आहे आजोबा. घोड्याने एक कान मागे दुमडून मालकाचं ऐकायचं, असा त्याचा अर्थ. मी त्यावर लिहिलंय सुद्धा. तुम्ही लोक सुधारणा करायच्या नादात आपलंच विसरलात."

म्हाताऱ्याने आपला घोडा उचलून पुन्हा फडक्यात गुंडाळला. साठ वर्षं घोडे घडवणाऱ्याला घोड्याचा कान शिकवत होते!

आणि डावरी? ती त्या यंत्राच्या घोड्याकडेच बघत होती. ज्याची ही नक्कल, तो घोडा तिचा होता. लग्नाच्या पहिल्या महिन्यात या घरात तिने केलेला पहिला घोडा. सासऱ्याने चुलीत घाल म्हटलं होतं पण तिला तो जाळवला नव्हता. ओच्यात लपवून तिने तो आतल्या खिडकीत ठेवला. पुढे एक परगावचा व्यापारी आला, त्याची नजर नेमकी त्यावर गेली. "नमुना म्हणून नेतो," म्हणाला, "छान आहे हो!" या घरात तिला छान म्हणणारा तो पहिलाच माणूस. तिने देऊन टाकला. वर्षभराने पहिली खोकी आली आणि खोक्याखोक्यांतून तिचीच चूक बाहेर पडली.

"आम्ही चारपर्यंत आहोत," बाई म्हणाली. "अस्सल जुन्या वळणाचे असतील तर आणा. महिन्याला तीस घेऊ. हे नाही चालायचे."

दोघं परत निघाली. नांगरलेल्या रानावरून धूळ उठत होती आणि डोळ्यांत जात होती, त्यामुळे रडू आलं तरी कुणाला कळलं नसतं. अर्ध्या वाटेत डावरी थांबली.

"मामंजी, तो कान माझा आहे."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला आणि चालत राहिला.

"कधीपासून?"

"पहिलं खोकं आलं तेव्हापासून. चाकू कुठून आत वळलाय ते मला दिसत नाही होय? यंत्राने तेवढंसुद्धा सोडलं नाही."

"मग बोलला का नाहीत? गल्ली बसली की हो माझ्यापायी!"

"गल्ली त्यांनी बसवली. सरळ कान नेला असता तर सरळ कानाने बसवली असती." तो बांधावर टेकला. धाप लागली होती. "खरं सांगू? मला राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. माझे चाळीस घोडे ओसरीवर ओळीने मांडले होते. त्या मेल्या व्यापाऱ्याने एकाला हात लावला नाही. आत जाऊन तुझा उचलला."

डावरी त्याच्या शेजारी बसली. धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "चल. चार वाजायच्या आत सहा कान कापायचेत."

"तुमच्या घोड्यांचे? मी नाही कापणार."

"मग जा चिकट्या लावायला!"

छपरीत येऊन त्याने स्वतःच चाकू घेतला. डावा कान आखूड केला, पण हात थांबेना. इकडे थोडं, तिकडे थोडं करत त्याने दुसरा कानही त्याच्या मापाला आणला आणि घोडा पुन्हा देखणा दिसायला लागला. दुसऱ्या घोड्याचंही तेच. तिसरा हातात घेतला आणि त्याने चाकू तिच्यापुढे धरला.

तिने डाव्या हातात चाकू घेतला. गेली सात वर्षं ज्याला धरून धरून आवरलं होतं, त्या मनगटाला तिने सोडलं. चाकू आत वळला. चार कान, चार झटके. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

चष्मेवाली बाई हरखून गेली. चारही घोडे तिने उचलले, म्हाताऱ्याचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "बघा! हात विसरत नाहीत."

छपरी वाचली. नवऱ्याने गोदामातून डावरीचं नाव काढून घेतलं. आता महिन्याला तीस घोडे जातात, तीसही आखूड कानाचे. धड नि बाकी सगळं म्हातारा करतो आणि कान डावरी. सरळ कानाचा एकही घोडा कुणी घेत नाही. तिने आपल्या हौसेने दोन केले होते, ते परत आले.

म्हाताऱ्याला मात्र चैन पडत नाही. आपल्या घोड्याला सुनेचा हात लागतो हे त्याला सलतं. म्हणून रोज सकाळी, ओल्या लाकडाचा पहिला तुकडा घेऊन तो एक अख्खा घोडा, आखूड कानासकट, स्वतः करायला बसतो. परवाही बसला होता. डोळे बारीक करून, श्वास रोखून त्याने कान उतरवला आणि घोडा तिच्यापुढे धरला.

डावरीने पाहिला. दोन्ही कान ताठ, सारखे, कुठेतरी काही ऐकू आल्यासारखे. तिने एकदा त्या कानांवरून अंगठा फिरवला.

"चुकलं का गं?"

"चुकलं, मामंजी."

"मग घाल चुलीत," तो म्हणाला आणि दुसरा तुकडा घेतला.

तिने घातला. लाकूड ओलं होतं, पेट घ्यायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ दोघंही तिकडे न बघता काम करत राहिली.