आखराचा ठराव

सरपंच रूपरावनं मले ग्रामपंचायतीत घेतलं ते मी मुकी आहे असं समजून. एखादी बाई घ्याच लागते असा कायदा होता. गायकीची बायको, हे कोणाच्या तोंडाले लागते, असा त्याचा अंदाज. बाप्पा! माझ्या नवऱ्याले विचारलं असतं तं त्यानं हात जोडून सांगितलं असतं, का हा उद्योग करू नका.

माझा नवरा श्रावण गावचा गायकी, म्हणजे साऱ्या गावची गुरं चारते. गावाच्या तोंडाशी मोठी मोकळी जागा आहे, तिले आखर म्हणतात. सकाळी सारं गाव आपापली ढोरं तिथी आणून सोडते, अन् मग तो एकशेचाळीस ढोरं घेऊन डोंगराकडं जाते. आखर नाई तं कळप नाई, अन् कळप नाई तं आमची गायकीही नाई. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझं डोकं काऊन फिरलं ते समजंन.

चौऱ्यांशी सालचा वैशाख. आष्टीच्या वरच्या अंगाले आमचं गाव, तिथी विजेच्या तारा पोचल्याच नव्हत्या. नागपुराहून ओमप्रकाश नावाचे सायब आले. म्हणाले, गावाले सूर्याची वीज देतो. अर्ध्या एकरात काचेच्या पाट्या मांडाच्या, कुंपण घालाचं, अन् त्यावर रस्त्याचे बारा दिवे अन् विहिरीवर पंप. मी तं हरखूनच गेली. पाणी वाहून वाहून माझी मान वाकडी झालती, मले त्या पाट्या पायजेच होत्या.

पण सायब भर दुपारी आखरावर उभे राह्यले, घाम पुसला, "इथं मस्त ऊन आहे" म्हणाले अन् चार कोपऱ्याले चार खुंट्या ठोकल्या. सरकारी जागा, रस्त्याले लागून. रूपराव मान हलवून राह्यला. गावामागं बरड होती, तीही सरकारी, निरी गोट्याची, तिथी गवतही उगवत नाई. पण तिकडं जाचा रस्ता रूपरावच्या शेतातून. म्हणून बरडीचं नावच कोणी काढलं नाई.

पौषात ग्रामसेवक रजिस्टर घेऊन दारात आला. "कोकिळाबाई, अंगठा द्या." आमच्या गावची पद्धतच तशी. सभा चावडीत, बाईचा अंगठा घरी.

"मले वाचता येते," मी म्हटलं. वाचलं, अन् अंगाचा तिळपापड झाला. पाट्यांची जागा, आखर.

"जाऊ दे," श्रावण भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "सरकारापुढं आपलं काय चालते?"

मले त्याचा रागही आला अन् कीवही आली. "तुमी ढोरं सांभाळा," मी म्हटलं, "सरकार मी पाह्यते. अन् सभेच्या दिवशी आखरावरून हलू नका." ग्रामसेवकाले सांगितलं, अंगठा नाई, मीच येते.

सोमवारी दहा वाजता ग्रामसभा, नागपूरचे सायबही येणार होते. पौष म्हणजे मुंगवड्या घालाचे दिवस. घरोघरी फिरून मी बारा बाया उठवल्या. रूपरावची बायको शकुबाईही निघाली, हाताले वाटलेली डाळ तशीच. चावडीतले माणसं पाह्यतच राह्यले.

"सायब," मी म्हटलं, "वड्या कुठी वाळवाच्या, ठाऊक आहे का तुमाले?"

सारी चावडी हसली. रूपराव म्हणाला, "कोकिळाबाई, हे पंचायत आहे, चूल नाई."

"शकुबाई, तुमचं घर आखराले लागून. मंग वड्या कुठी घालता?"

"बरडीवर."

"काऊन जी? आखर दारात असून अर्धा मैल जाता?"

"अवं, या दिवसांत आखरावर ऊन येते कुठी! दक्षिणेले सात चिंचा नाईत का? मांगच्या साली घातल्या तं बुरशी आली साऱ्याईले."

सायबाचं हसू थांबलं. ते उठले अन् तरातरा चालू लागले, मांगून सारं गाव. आखरावर श्रावण ढोरं धरून उभाच होता. साडेदहा वाजले होते, तरी चिंचांची सावली पार अर्ध्या आखरावर पसरली होती. चार खुंट्यांपैकी तीन सावलीत. वैशाखात सूर्य डोक्यावर असते, पौषात तो दक्षिणेले सरकते. वड्या घालणाऱ्या कोणत्याही बाईले हे ठाऊक असते.

"मी वैशाखात मोजलं," सायब हळूच म्हणाले. माणूस खरा होता. "चूक झाली."

"त्यात काय!" रूपराव म्हणाला. "चिंचा तोडून टाकू."

"हात तं लावून पाहा!" शकुबाई कडाडली. "अन् बरडीले रस्ता पायजे ना? आपल्या शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं न्या. दिला मी."

"तू कोण देणारी?"

"शेत कोणाच्या नावानं आहे?"

 जास्तीची जमीन सरकार घेईन या सिलिंगच्या धाकानं रूपरावनंच ते शेत बायकोच्या नावावर केलं होतं, अन् इतक्या वर्षांत साफ विसरून गेलता. अशी हसली पब्लिक, का ढोरं बिचकली!

तिथीच आखरावर हात वर झाले. सभेत बाईचा हात आमच्या गावानं पहिल्यांदा पाह्यला, अन् पाह्यले ते बारा-तेरा, डाळीनं माखलेले. मंग माणसांचे. शेवटी रूपरावचाही, खांद्यापर्यंतच, पण झाला वर. पाट्या बरडीवर. सूचक कोकिळा, अनुमोदक शकुबाई. मी पुरं नाव लिहून सही ठोकली. माझा ऊर भरून आला होता, खोटं काऊन बोलू?

ढोरं आता थांबत नव्हती. श्रावण काठी घेऊन पुढं आला. सरपंचाकडं त्यानं पाह्यलं नाई, सायबाकडंही नाई.

"कोकिळे," त्यानं साऱ्या गावासमोर मले विचारलं, "सोडू का गुरं?"

"सोडा!" मी म्हटलं.

अन् सरपंच, सायब, ग्रामसेवक, सारे बाजूले झाले अन् एकशेचाळीस ढोरं आखरावरून निघाली.