बिल्ल्यावरचा नंबर

बेटावरच्या सहाशे बारा शेळ्यांच्या कानांत पिवळे बिल्ले होते आणि प्रत्येक बिल्ल्यावर गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा मोबाइल नंबर कोरलेला होता. शेळी आजारी पडली किंवा भलत्याच्याच परसात सापडली, की लोक तिचा कान धरून नंबर वाचत आणि फोन लावत. म्हणून वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी बेट सोडताना डॉक्टरीणबाईला स्वतःपेक्षा नंबरची काळजी जास्त होती. नंबर प्रीपेड, आणि त्या कंपनीचा टॉवर फक्त बेटावर, म्हणजे फोन सोबत नेऊन उपयोग नाही. नव्वद दिवसांत त्यावरून पैसे कापणारा एकही फोन झाला नाही, तर नंबर बंद होणार आणि पुढे कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणार. सहाशे बारा कान पुन्हा टोचणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

फोन तिने मोठ्या जावेच्या ताब्यात दिला. जाऊ घरातच शिवणकाम करायची. तिने तो रिळांच्या खणात ठेवला.

"दर रविवारी माझ्या नव्या नंबरवर एक फोन करायचा, जाऊबाई. बाकी काही नाही."

"एवढंच? मला वाटलं, शेळ्याही बघायच्यात."

जाऊ शब्दाला पक्की होती. रविवारी दहाच्या ठोक्याला हॉस्टेलच्या खोलीत फोन दोनदा वाजे आणि थांबे. डॉक्टरीणबाई तो उचलत नसे. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ती वहीत बरोबरची खूण करी: नंबर चालू. अशा बारा खुणा झाल्या.

तेराव्या रविवारीही फोन दोनदा वाजून थांबला. पाठोपाठ दिरांच्या फोनवरून जाऊ बोलायला आली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आणि हो, तुझ्या बॅलन्सला मी धक्का लावलेला नाही हं. टाकून गेलीस ते पाच रुपये तेवढेच्या तेवढे आहेत."

डॉक्टरीणबाईने वही पुढे ओढली. फोन वाजतो एवढंच तिने तपासलं होतं. पैसे कापले जातात की नाही, हे नाही. उचललेलाच नाही त्या फोनचे पैसे कोण कापणार? तिने दिवस मोजले. आजचा एकोणनव्वदावा.

"जाऊबाई, आत्ताच्या आत्ता त्या फोनवरून मला फोन करा. मी उचलणार आहे."

"म्हणजे इतके दिवस तू मुद्दाम उचलत नव्हतीस?"

"तुम्हीच दोन रिंगनंतर तोडत होतात!"

"तू उचलत नव्हतीस म्हणून तोडत होते. बरं, ठेव."

फोन वाजला. तिने हात पुढे केला, तोवर तुटला. तिने दिरांच्या नंबरवर फोन केला.

"तोडू नका हो!"

"सवयीचं बोट आहे गं ते. आपोआप जातं. थांब, आता फोन टेबलावरच ठेवते आणि हात मागे बांधते."

या वेळी पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"काय बोलू?" जाऊ म्हणाली.

"काहीही. पैसे कापले जाऊ देत."

"हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं बाई." मग तिचा आवाज लांब गेला आणि परत आला. "अगं, जिने अभ्रे शिवायला टाकलेत ना, ती बाई आलीये. तिची शेळी सकाळपासून रवंथ करत नाही. पोट फुगलंय म्हणते."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या की उजव्या, विचारतेय गं ती," जाऊने त्या बाईला सांगितलं. पलीकडे कुजबुज. "शेळीची डावी की आपली डावी?"

"शेळीची. शेळीच्या मागे उभं राहून बघायचं, म्हणजे..."

फोन कट झाला. तिने लगेच दिरांचा नंबर लावला.

"मी नाही तोडला!" जाऊ म्हणाली. "मेसेज आलाय. वाचते. शिल्लक संपली. नंबरची मुदत आजपासून पुढे नव्वद दिवस."

"पुन्हा वाचा."

जाऊने पुन्हा वाचलं. डॉक्टरीणबाईने तारीख लिहून घेतली.

"शेळी कुठे आहे?" तिने विचारलं.

"आणायला गेलीये ती. म्हणते, मागे उभं राहून लक्षात राहणार नाही, इथेच दाखवते."

"बरं. तिला पाजायला तेल काढून ठेवा. साधं, खायचं," ती म्हणाली आणि फोन कानाला धरून बसली.